काही सेकंदांचा एकशिंगी घोडा

'ब्लेड रनर' पहिल्यांदाच बघायला निघालेल्या माणसाने कुठली आवृत्ती बघू म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: २००७ची 'फायनल कट' बघ, बाकीच्यांच्या वाटेला जाऊ नकोस. का? तर ती दिग्दर्शकाची. रिडली स्कॉटच्या मनातला चित्रपट हाच, आधीचे सगळे स्टुडिओने नासवलेले. मग माझ्या वयाचा कुणीतरी पिकलेला प्रेक्षक तावातावाने सांगू लागतो की १९८२ साली थिएटरात लागला तोच खरा, नंतरची सगळी रंगरंगोटी. पुढचा तासभर दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात. गंमत अशी, की विचारणाऱ्याला हवं असतं चित्रपट चांगला कुठला याचं उत्तर, आणि त्याला ऐकवला जातो सातबारा: जमीन कुणाच्या नावावर आहे, आधी कोण कसत होतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एखादी आवृत्ती दिग्दर्शकाची आहे म्हणून खरी ठरत नाही, आणि आधीची आहे म्हणूनही नाही. प्रत्येक फेरफार तिथल्या तिथे, त्या प्रसंगात तोलायचा असतो: इथे हाती काय लागलं, हातचं काय गेलं? आणि तोलायचं तर दोन्ही पारड्यांत काहीतरी असावं लागतं. एक पारडंच कुणी उचलून नेलं तर तोलणार काय?

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च १९८२मध्ये डेन्व्हर आणि डॅलसला चित्रपटाची कच्ची प्रत, म्हणजे वर्कप्रिंट, प्रेक्षकांना दाखवून पाहिली. लोक गोंधळले, आणि पैसे लावणारे घाबरले. मग हॅरिसन फोर्डच्या आवाजात निवेदन घातलं, आणि डेकार्ड (फोर्डची भूमिका, पळालेल्या कृत्रिम माणसांना मारणारा पोलीस) व त्याची प्रेयसी रेचल (तीही कृत्रिमच) हिरव्या डोंगरांतून मोटारीने निघून जातात असं गोड शेपूट जोडलं. ते डोंगरही उसने, स्टॅनली कुब्रिकच्या 'द शायनिंग'साठी आकाशातून टिपलेल्या आणि न वापरलेल्या रिळांमधले. २५ जून १९८२ला अमेरिकेत हे रूप लागलं. बाहेरच्या देशांत गेलं ते हिंसेचे काही क्षण जास्त असलेलं. १९९०मध्ये लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात ७० मिलिमीटरची प्रत लावली, तर ती निघाली वर्कप्रिंट! निवेदन नसलेला 'ब्लेड रनर' पाहायला गर्दी होऊ लागली, आणि ती गर्दी पाहून स्टुडिओने १९९२मध्ये 'डायरेक्टर्स कट' बाजारात आणली. २००७ची 'फायनल कट' ही पाचवी. टीव्हीसाठी कापलेली वगैरे धरून सातपर्यंत मोजणारेही आहेत.

आता दिग्दर्शकाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं, कारण ते लेचंपेचं नाही. छपरावरचा प्रसंग आठवा. पाऊस कोसळतोय. रॉय बॅटी हा कारखान्यात घडवलेला रेप्लिकंट, मोजून दिलेली त्याची चार वर्षं संपत आली आहेत. ज्या डेकार्डने त्याच्या साथीदारांना मारलं, त्यालाच त्याने क्षणापूर्वी मनगट धरून वर ओढून घेतलंय. बॅटी चार ओळी बोलतो, मान खाली जाते, हातातलं कबुतर सुटतं. समोर फोर्डचा निथळणारा चेहरा. बस्स. पण १९८२च्या आवृत्तीत नेमकं इथे निवेदन सुरू होतं: याने मला का वाचवलं कुणास ठाऊक, शेवटच्या घटकेला त्याला जगणं कधी नव्हे इतकं प्रिय झालं असेल, त्याचंच नव्हे, कुणाचंही. गवयाने समेवर येऊन थांबावं आणि शेजारच्याने कोपराने ढोसून 'सम आली बरं का' म्हणावं, तसं. मी पहिल्यांदा हा चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर पाहिला तो या निवेदनासकट. तेव्हा ते खटकलंसुद्धा नाही, आणि याचीच मला आज जास्त लाज वाटते. गोड शेवट तर त्याहून वाईट. रेचलला मरणाची तारीखच नेमून दिलेली नव्हती, असं तिथे निवेदक सांगून मोकळा होतो. ज्या चित्रपटाचा प्रत्येक धागा 'किती दिवस उरले' या प्रश्नाशी बांधलेला आहे, त्याच्या शेवटी 'आम्हांला तो प्रश्न लागू नाही' म्हणायचं? १९९२पासून पुढच्या रूपांत लिफ्टचं दार आपटतं आणि पडदा काळा होतो. त्या एका कटापुढे सगळे डोंगर फिके आहेत.

भीतीपोटी केलेली कापाकापी हे काही एकट्या 'ब्लेड रनर'चं नशीब नव्हे. ऑर्सन वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'मधून १९४२मध्ये आर.के.ओ. स्टुडिओने चाळीसहून अधिक मिनिटं काढली, शेवट बदलला, आणि काढलेलं निगेटिव्ह नष्ट केलं. टेरी गिलियमच्या 'ब्राझील'ची युनिव्हर्सलने ९४ मिनिटांची एक आवृत्ती तयार केली, प्रेमाचा विजय होणारी. तो चित्रपट अमेरिकेत लागण्याआधीच लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी त्याला १९८५चा सर्वोत्तम चित्रपट ठरवलं, तेव्हा कुठे स्टुडिओ वरमला. तेव्हा दिग्दर्शकाकडे झुकणारी सहानुभूती फुकटची नाही, ती कमावलेली आहे. मला ती कबूल आहे.

पण सहानुभूतीचा पुरावा होत नाही. मुळात 'डायरेक्टर्स कट' या शिक्क्यावर किती विसंबायचं? १९९२च्या आवृत्तीवर तो शिक्का होता, आणि तीवर स्कॉटचा पूर्ण ताबा नव्हता. त्याने दिलेल्या टिपणांवरून दुसऱ्यांनी ती घाईत जुळवली. म्हणून तर पंधरा वर्षांनी 'अंतिम' असा आणखी एक शिक्का मारावा लागला. 'एलियन'ची कथा त्याहून मजेशीर आहे. २००३मध्ये त्याची 'डायरेक्टर्स कट' आली, मूळ १९७९च्या आवृत्तीपेक्षा मिनिटभर लहान, आणि खुद्द स्कॉटने सांगून टाकलं की आपण पहिल्या आवृत्तीवरच खूश आहोत, हे नाव विक्रीसाठी आहे. म्हणजे दिग्दर्शकाची आवडती आवृत्ती थिएटरातली, आणि दिग्दर्शकाच्या नावाची आवृत्ती भलतीच! स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'चंही तेच. १९७७च्या चित्रपटावर त्याला पुन्हा काम करायचं होतं. कोलंबिया स्टुडिओने पैसे दिले ते एका अटीवर: परग्रहावरच्या यानाचं आतलं दृश्य दाखवायचं. १९८०ची 'स्पेशल एडिशन' त्या सौद्यातून आली, आणि १९९८मध्ये स्पीलबर्गने ते आतलं दृश्य पुन्हा काढून टाकलं. दिग्दर्शक निर्मळ मनाने एकांतात बसून आपलं आद्य स्वप्न कागदावर उतरवतोय, असं चित्र आपण रंगवतो. प्रत्यक्षात तिथेही टेबलापलीकडे कुणीतरी चेकबुक घेऊन बसलेला असतो.

आणि समजा नसला, तरी वीस वर्षांनी परत येणारा दिग्दर्शक तोच माणूस असतो का? 'ई.टी.'मध्ये पोरांचा पाठलाग करणाऱ्या सरकारी माणसांच्या हातात १९८२ साली बंदुका होत्या. २००२मध्ये स्पीलबर्गने त्या पुसून वॉकी-टॉकी दिले. पुढे त्याला स्वतःलाच पस्तावा झाला आणि मूळ आवृत्ती परत आली. मधल्या दहा वर्षांत 'दिग्दर्शकाचा शब्द अंतिम' म्हणून वॉकी-टॉकींची पाठराखण करणाऱ्यांनी नंतर काय केलं असेल? तोच दिग्दर्शक, तोच प्रसंग, दोन परस्परविरुद्ध 'अंतिम' शब्द. अशा वेळी सहीकडे बघून काहीच ठरत नाही. प्रसंगाकडेच बघावं लागतं: बंदुका होत्या म्हणून सायकली उडाल्यावर सुटकेचा श्वास पडत होता.

तोच नियम 'ब्लेड रनर'ला लावतो, आणि मग मला त्या एकशिंगी घोड्यापाशी थांबावं लागतं. १९९२पासूनच्या रूपांत डेकार्ड पियानोपाशी झिंगून बसलेला असताना त्याला दिसतं: झाडांमधून धावत येणारा पांढरा एकशिंगी घोडा, मानेला हिसडा देणारा. काही सेकंद, बस. शेवटी त्याच्या दाराबाहेर पोलीस सहकारी गॅफने चांदीच्या कागदाचा दुमडून केलेला एकशिंगी घोडा पडलेला सापडतो. चित्रपटात आधीच एक गोष्ट पक्की झालेली आहे: डेकार्ड रेचलला तिच्या बालपणीच्या, कुणालाही न सांगितलेल्या आठवणी सांगतो, खिडकीबाहेरच्या कोळिणीसकट, आणि त्यावरून तिला कळतं की त्या आठवणी आपल्या नाहीत, आपल्यात भरलेल्या आहेत. तोच न्याय डेकार्डला. गॅफला माझं स्वप्न ठाऊक, म्हणजे मीही घडवलेला. कागदी घोडा १९८२मध्येही होता, पण तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता की गॅफ येऊन गेला आणि रेचलला हात न लावता गेला. वस्तू तीच. मध्ये काही सेकंद घातले आणि अख्ख्या चित्रपटाचा अर्थ फिरला. एखाद्या सूत्रात एक नकार घातल्यासारखं झालं हे.

या बदलाच्या बाजूने जे बोललं जातं तेही वजनदार आहे: शिकाऱ्याला ठाऊक नाही की तोच सावज आहे, यापेक्षा भयानक काय? खरं आहे. पण ते भय आधी नव्हतं का? रेचल डेकार्डला विचारते की रेप्लिकंट ओळखायची ती तुझी चाचणी तू स्वतःवर कधी करून पाहिलीस का, आणि उत्तर येत नाही, कारण डेकार्डला झोप लागलेली असते. १९८२मध्येही हे असंच होतं. प्रश्न घरात येऊन बसला होता आणि ज्याने उत्तर द्यायचं तो घोरत होता, यापेक्षा सुंदर अनिश्चितता कोणती हवी? घोड्याने त्या प्रश्नावर उत्तर चिकटवलं. शिवाय छपरावरचा प्रसंग पुन्हा पाहा. भावना विसरलेला माणूस आणि भावना शिकलेलं यंत्र समोरासमोर येतात, आणि यंत्र माणसाला वाचवतं. डेकार्डही यंत्रच असेल, तर बॅटीने वाचवलं ते आपल्याच जातीच्या एकाला. दया उरते, पण ओलांडायची रेषा उरत नाही. निवेदन काढलं कारण ते प्रेक्षकाला सगळं सांगत होतं, आणि घोडा घातला तोही प्रेक्षकाला सांगायलाच. एका दाराने बाहेर काढलेलं दुसऱ्या दाराने आत आलं, फक्त या वेळी ते मुकं आणि देखणं होतं, म्हणून आपण टाळ्या वाजवल्या.

इथे एक आडवाट घेतो. १९८२च्या आवृत्तीत पोलीस कप्तान ब्रायंट सांगतो की सहा रेप्लिकंट पळाले, एक विजेच्या कुंपणात जळाला. उरले पाच. पण पडद्यावर भेटतात चारच: लिऑन, झोरा, प्रिस आणि बॅटी. मग पाचवा कोण? चाहत्यांनी वर्षानुवर्षं डोकं खाजवलं, आणि 'पाचवा म्हणजे डेकार्ड' हे उत्तर काढलं. वास्तविक ती हिशेबातली चूक होती. पटकथेतलं मेरी नावाचं पात्र गाळलं आणि ब्रायंटचा आकडा बदलायचा राहिला. २००७मध्ये तो आकडा सुधारला: दोन जळाले. हिशेब जुळला. पण पाहा, स्कॉटला डेकार्ड रेप्लिकंट हवा होता, ते काम एक चूक पंचवीस वर्षं कुणाच्याही सांगण्याशिवाय करत होती, आणि त्याने तीच चूक खोडली!

दिग्दर्शकाच्या सहीला सर्वोच्च मानलं की आणखी एक गोष्ट नजरेआड होते. चित्रपट अनेक हातांनी होतो. बॅटीचे मरणापूर्वीचे शब्द रुटगर हाउअरने स्वतः कापून-जोडून घडवले, पावसातल्या अश्रूंची ओळ त्याची. पटकथाकार हॅम्प्टन फॅन्चरने डेकार्डला माणूस म्हणून लिहिलं. फोर्ड वर्षानुवर्षं सांगत आला की प्रेक्षकाला धरून राहायला एक तरी माणूस हवा, म्हणून डेकार्ड माणूसच असायला हवा. त्याचं आणि स्कॉटचं यावरून वाजलंही. मग ज्याचा चेहरा आपण दोन तास वाचतो त्या नटाने 'मी माणूस आहे' असं समजून केलेला अभिनय, आणि दिग्दर्शकाने दहा वर्षांनी 'तू नव्हतास' म्हणून घातलेला घोडा, यांतलं खरं कुठलं? 'स्टुडिओने दिग्दर्शकाच्या कामात ढवळाढवळ केली' हे वाक्य आपण रागाने म्हणतो. दिग्दर्शकाने नटाच्या कामात ढवळाढवळ केली, असं कुणी का म्हणत नाही?

माझ्या मोजमापाने निवेदन गेलं ते उत्तम, गोड शेवट गेला ते त्याहून उत्तम, घोडा आला ते वाईट. असं रूप अस्तित्वात आहे का? जवळजवळ आहे, आणि ते आहे वर्कप्रिंट: न गोड शेवट, न घोडा, निवेदन फक्त बॅटीच्या मृत्यूपाशी थोडंसं. (म्हणजे सगळं निवेदन डेन्व्हर-डॅलसच्या खेळांनंतर घाबरून घातलं, हेही पुरतं खरं नाही.) शेवटच्या भागात व्हँजेलिसचं संगीतसुद्धा अजून चढलेलं नाही, उसनं वाजतंय. ज्या रूपावर कुणीच सही केली नाही, न स्टुडिओने न दिग्दर्शकाने, ते मला सर्वांत जवळचं वाटावं, याला काय म्हणायचं? तुमची निवड वेगळी असेल. असूदे. पण ती निवड तुम्ही प्रसंग पाहून केलेली असेल.

'पहिलं तेच खरं' म्हणणाऱ्या माझ्या समवयस्कांना फार वेळ देत नाही, कारण त्यांचा युक्तिवाद एका प्रश्नात ढासळतो: पहिलं म्हणजे कुठलं? कुब्रिकने '२००१: अ स्पेस ओडिसी' एप्रिल १९६८मध्ये दाखवला आणि काही दिवसांतच स्वतः त्यातली १९ मिनिटं काढली. आपण ज्याला अभिजात म्हणतो ते दुसरं रूप आहे. 'ब्लेड रनर' तर पहिल्याच वर्षी अमेरिकेत एक आणि बाहेर दुसरा होता.

खरा भेद आवृत्त्यांच्या क्रमात नाही, फेरफार करणाऱ्याने आपली बोटं दिसू दिली की लपवली यात आहे. फ्रिट्झ लँगचा 'मेट्रोपोलिस' १० जानेवारी १९२७ला बर्लिनमध्ये लागला आणि लगेच कापला गेला. पुढची ऐंशी वर्षं त्याचा मोठा भाग हरवलेलाच होता. २००८मध्ये ब्युनॉस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक प्रत सापडली, साधारण २५ मिनिटांच्या हरवलेल्या दृश्यांसकट. २०१०ची आवृत्ती पाहताना ती दृश्यं आली की चौकट आकसते, कडेला काळी पट्टी दिसते, चित्रावर पाऊस पडल्यासारखे उभे ओरखडे. ठिगळ लपवलेलं नाही. कुठलं कापड जुनं नि कुठलं नंतरचं, हे आंधळ्यालाही कळेल. आपल्याकडच्या पोथ्यांच्या परंपरेला हे नवं नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठभेदांनी गढूळ झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आणि पुढे जो तीत आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असं बजावून ठेवलं. तरीही जुन्या पोथ्या उरल्या, म्हणून राजवाड्यांना १९०९मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापता आली आणि विद्वानांना भांडता आलं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत गणपती लेखनिक झाल्याची कथा मूळ संहितेतून बाहेर गेली, पण फेकली गेली नाही. ती परिशिष्टात छापलेली आहे. तिचे संपादक सुकथनकर यांचा निर्णय ज्याला पटत नाही, त्याला नाकारण्याचं साहित्य सुकथनकरांनीच दिलं. अधिकार गाजवायचा तर असा.

याच्या उलट वागणारा जॉर्ज लुकस. १९८८मध्ये कृष्णधवल चित्रपटांत रंग भरण्याविरुद्ध तो अमेरिकी काँग्रेससमोर बोलला. नफ्यासाठी कलाकृती बदलणारे रानटी आहेत, सांस्कृतिक इतिहास पुन्हा लिहू देता कामा नये, असं त्याचं म्हणणं होतं. १९९७मध्ये त्याने 'स्टार वॉर्स' बदलला. १९७७मध्ये खानावळीत हान सोलो एकटाच गोळी झाडतो, आता त्याला धरायला आलेला ग्रीडो आधी झाडू लागला, पुढच्या आवृत्त्यांत दोघे जवळजवळ एकदम. त्याचे समर्थक म्हणतील, दुसऱ्याने बदलणं वेगळं आणि स्वतः बदलणं वेगळं. मान्य. बदलण्याला माझी हरकतच नाही. हरकत आहे ती जुनं रूप मागे ढकलण्याला: २००६मध्ये ते डीव्हीडीवर आलं तेही जोडतबकडी म्हणून, लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या प्रतीवरून. ज्या लेखकाला आपल्या दुरुस्तीवर विश्वास आहे, त्याला आधीच्या खर्ड्याची भीती का वाटावी?

स्कॉटने, किंवा त्याच्या वतीने २००७चा संच काढणाऱ्यांनी, ही भीती बाळगली नाही. एका पेटीत पाचही रूपं, वर्कप्रिंटसकट. आणि यातच मला तो बदल आठवतो ज्याबद्दल अजून माझं मत ठरत नाही. झोरा गोळी लागून एकामागून एक काचा फोडत धावते, तो प्रसंग. १९८२मध्ये ती धावणारी बाई जोआना कॅसिडी नाही, तिच्या जागी धावणारी स्टंट करणारी बाई आहे, हे विगवरून पोरालाही कळायचं. २००७साठी कॅसिडी स्वतः पुन्हा आली, तिचा चेहरा टिपला आणि त्या अंगावर बसवला. प्रसंग नि:संशय सुधारला, आता डोळा अडत नाही. पण काचांतून खरी गेली होती ती दुसरीच, आणि घडवलेली माणसं वापरून टाकून देणाऱ्या जगाची ही गोष्ट सांगताना तिचंच तोंड पुसलं गेलं. फायनल कटमध्ये ती कुठेच नाही. पेटीतली जुन्या रूपाची तबकडी लावली की मात्र अजून धावते, विग धड न बसलेला, चेहरा पुरता तिचा.